आधी घर तोला, मग ट्रक घ्या

गाडी घ्यायची ठरली की घरातली पुरुषमंडळी एकदम तज्ज्ञ होतात. दीर येतात, मेहुणे येतात, शेजारचे काका येतात, आणि अ‍ॅव्हरेज, पिकअप, रीसेल असे शब्द बैठकीच्या खोलीत उडायला लागतात. बाई चहाचा ट्रे घेऊन येते तेव्हा कुणीतरी मोठ्या मनाने विचारतं, "वहिनी, रंग कुठला घ्यायचा?" बस्स! पैसे दोघांच्या संसारातले, हप्ते दोघांच्या पोटाला चिमटा घेऊन भरायचे, आणि गाडीत बसल्यावर जीव तर सगळ्यांचाच पणाला लागलेला. पण बाईचा अधिकार मात्र रंगापुरता.

मैत्रिणींनो, हे फक्त आपल्या तालुक्याच्या गावात घडतं असं समजू नका. अमेरिकेतल्या चकचकीत शोरूममध्येही विक्रेता नवऱ्याकडे बघूनच बोलतो. पण तिथे एका बाईने रंगाऐवजी भलताच प्रश्न विचारला आणि घराचा निर्णयच बदलला. त्या प्रश्नाची ही गोष्ट. विषय आहे ट्रकचा. 'आमचा काय संबंध?' असं म्हणून पान उलटू नका. शेवटी तो ट्रक आपल्या अंगणात येऊन उभा राहणार आहे.

चाकांवरचा संसार

२०२३ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनला माझ्या मावसबहिणीकडे होते. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून आम्हा सगळ्यांची ती ताई. तिकडे एका शाळेच्या ऑफिसात तिने वर्षानुवर्षं हिशेब सांभाळले. भाऊजी इंजिनिअर. दोघंही निवृत्त. मुलगा कोलोरॅडोत डेन्व्हरला, मुलगी अ‍ॅरिझोनात. नातवंडांचा लळा तर सुटत नाही आणि सुनेच्या-जावयाच्या घरात महिनोन्महिने राहणंही बरं वाटत नाही. त्यावर त्यांनी उपाय काढला तो अगदी अमेरिकन. आपलं घर आपल्या मागे बांधून न्यायचं!

अमेरिकेत चाकांवरच्या घराची फार जुनी हौस आहे. इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की कापड, तसं तिकडे एल्कहार्ट म्हटलं की फिरती घरं. त्या परिसरात ही घरं बनवणारे कारखानेच कारखाने, आणि या घरांचं एक संग्रहालयसुद्धा आहे. थंडी पडली की उत्तरेकडची निवृत्त मंडळी घर घेऊन दक्षिणेला उतरतात. अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट या वाळवंटी गावात तर दर हिवाळ्यात अशा घरांची जत्रा भरते.

सगळ्यांसाठी ही हौसच असते असंही नाही. घरभाडं परवडेना म्हणून गाडीत संसार थाटलेले वयस्क लोकही तिथे आहेत. त्यांच्यावर जेसिका ब्रुडर या पत्रकार बाईने २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं आणि त्याची दिग्दर्शिकाही बाईच, क्लोई झाओ.

या घरांचे मुख्य प्रकार दोन. एक, इंजिनासकट बसगाडीसारखं घर. दुसरा म्हणजे ट्रेलर. त्याला इंजिन नसतं, पुढे गाडी जोडून ओढायचं. ताई-भाऊजींनी ट्रेलर पसंत केला, कारण मुक्कामाला पोचल्यावर घर उभं करून ट्रक सोडवून घेता येतो आणि त्यातून भाजी आणायला, दवाखान्यात जायला मोकळं. ट्रेलर ३६ फूट लांब. आत पलंग, सोफा, ओटा, फ्रीज, न्हाणीघर, सगळं. मुक्कामावर बटण दाबलं की भिंती बाहेर सरकतात आणि खोली रुंद होते. मी तर बघतच राहिले. आपल्याकडच्या वन-रूम-किचनपेक्षा ऐसपैस!

प्रश्न एवढाच, की हे धूड ओढणार कोण?

जाहिरातीतला आकडा

तिकडे हे काम पिकअप ट्रक करतात. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. मोठे ट्रक बनवणारे मुख्य खेळाडू तीन: फोर्ड, रॅम आणि जनरल मोटर्स (शेव्हरोले आणि जीएमसी ही त्यांचीच दोन नावं). प्रत्येकाचे तीन आकार. त्यांना लोक अजूनही अर्धा टन, पाऊण टन, एक टन म्हणतात. पूर्वी तेवढाच माल त्यात मावायचा म्हणून ही नावं पडली. आज हे ट्रक त्याच्या कितीतरी पट वजन घेतात, नाव मात्र तेच राहिलंय. आपल्याकडे 'आठ आण्याचं' दुकान आठ आण्याला काही देत नाही, तसं.

भाऊजींनी पाऊण टनाचा डिझेल ट्रक हेरला होता. दिसायला रुबाबदार, किंमत एक टनापेक्षा कमी. मीही गेले होते शोरूममध्ये. विक्रेता तरुण, गोड बोलणारा. त्याने भाऊजींना ओढण्याची क्षमता सांगितली, साधारण आठ हजार किलो. ट्रेलर भरून जास्तीत जास्त ६,३५० किलो. "सहज ओढेल, सर! मागे काही आहे हेसुद्धा कळणार नाही." भाऊजी खूश. मग विक्रेता ताईकडे वळला, "आणि मॅडम, तुम्हाला रंग कोणता?"

ताई म्हणाली, "रंगाचं नंतर बघू. आधी ड्रायव्हरचं दार उघडा. तिथे एक लेबल असतं ते मला वाचायचंय."

विक्रेता क्षणभर गप्प. भाऊजी पण. दाराच्या चौकटीवर खरोखरच एक पिवळं-पांढरं लेबल होतं. त्यावर लिहिलेलं, की माणसं आणि सामान मिळून अमुक इतक्या वजनावर कधीही जाऊ नये. आकडा होता पौंडांत, पण हिशेब जवळजवळ १,००० किलोंचा.

"ओढणार आठ हजार, पण अंगावर घेणार एकच हजार," ताई मराठीत भाऊजींना म्हणाली. "अहो, आपल्या ट्रेलरचा भार किती पडणार याच्या पाठीवर?"

बैलगाडीचं गणित

हा पाठीवरचा भार म्हणजे काय, हे ताईने मला रात्री जेवताना समजावलं. कसं? बैलगाडीवरून! आमचं दोघींचं आजोळ एकच. तिथे उसाची गाडी भरताना आजोबा ओरडायचे, "मागे भरू नका रे, गाडी उलाळ होईल!" मागे जास्त भार आला की जू वर उचललं जातं आणि गाडी हेलकावे खाते. पुढे जास्त झाला की तो बैलांच्या मानेवर बसतो. गाडीची चाकं बरंचसं ओझं वाहतात, पण थोडा भार मानेवर हवाच, तरच गाडी सरळ चालते.

ट्रेलरचं अगदी तसंच. ट्रकच्या मागच्या बाजूला गोळ्यावर अडकवतात त्या साध्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर हवा. त्याहून कमी झाला तर ट्रेलर महामार्गावर शेपटीसारखा डोलायला लागतो आणि ट्रकलाही ओढत नेतो. मोठ्या ट्रेलरची मान मात्र थेट ट्रकच्या हौद्यात, मागच्या चाकांवर येऊन बसते. त्याला 'फिफ्थ व्हील' म्हणतात. तो जास्त स्थिर असतो, पण त्याचा १५ ते २५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो. ताईंचा ट्रेलर या जातीचा.

मग ताईने वही काढली. ६,३५० किलोंचे २० टक्के म्हणजे १,२७० किलो. दोन माणसं १४५ किलो. हौद्यात बसवायचा जोडणीचा लोखंडी सांगाडा ९० किलो. हत्यारं, साखळ्या, खुर्च्या मिळून ६० किलो. एकूण १,५६५ किलो. आणि लेबल म्हणतं १,०००! म्हणजे ट्रक साडेपाचशे किलोंहून जास्त ओव्हरलोड, तोही विक्रेता 'सहज' म्हणत असताना.

भाऊजींनी इंजिनिअरच्या पद्धतीने एकदा उलटसुलट हिशेब केला आणि वही मिटून म्हणाले, "बरोबर आहे." 

असं का होतं? जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण त्याच्यामागे अटी असतात. अमेरिकेत ओढण्याची क्षमता मोजायची एक प्रमाणित पद्धत आहे, 'एसएई जे २८०७' नावाची. पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने आकडा लावायची. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून ही पद्धत सर्वांत आधी पाळली, पुढे हळूहळू इतरांनीही. पण या चाचणीत ट्रकमध्ये धरतात दोनच माणसं, प्रत्येकी सुमारे ६८ किलोंची! नातवंडं, कुत्रा, भाऊजींची हत्यारांची पेटी यांचा हिशेब त्यात नसतो. शिवाय डिझेलचं इंजिन स्वतःच फार जड. पाऊण टनाच्या ट्रकचं भरल्या गाडीचं कमाल वजन बहुतेक वेळा १०,००० पौंडांना, म्हणजे ४,५३६ किलोंना बांधलेलं असतं. त्यातून ट्रकचं स्वतःचं वजन वजा केलं की उरेल तेवढंच तुमचं. इंजिन जितकं भारी, तितकी जागा कमी.

आपल्याकडे ट्रकवाले 'पासिंग' म्हणतात ना, ते हेच. ताकद इंजिनात असते, पण पासिंग असतं पाटे, अ‍ॅक्सल, चाकं आणि ब्रेक यांच्या जिवावर. बैल जोरकस आहे म्हणून जू मोडत नाही असं थोडंच आहे?

ओट्याखालचं वजन

इथपर्यंत गणित पुरुषांनाही जमलं असतं. पुढचं मात्र बाईलाच माहीत असतं. कारण घर भरते कोण? तीच.

ट्रेलरच्या माहितीपत्रकावर 'रिकामं वजन ५,२०० किलो' असं छापलेलं. हा आकडा बघून लोक ट्रक निवडतात आणि फसतात. रिकाम्या घरात कोण राहतं? माहितीपत्रकातल्या वजनात पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, अंथरुणं-पांघरुणं नाहीत. ताईने न्हाणीघरातला वजनकाटा स्वयंपाकघरात आणला आणि आम्ही दोघी दोन दिवस एकच उद्योग करत बसलो. नेण्याचं सामान टोपलीत भरायचं, तोलायचं आणि वहीत लिहायचं. दोन कुकर, कढया, तवे, पोळपाट-लाटणं, डाळ-तांदळाचे डबे, मिक्सर. स्टीलची भांडी पाहता पाहता ४० किलोंवर गेली. पुस्तकं, देवघर, शिवणाचं मशीन, भाऊजींची औषधं आणि रक्तदाब मोजायचं यंत्र, दोन माणसांचे थंडीचे कपडे. "कपड्यांना काय वजन असतं," असं म्हणणाऱ्या भाऊजींचे जॅकेट-बूटच २५ किलो भरले!

आणि पाणी. पाण्याचा हिशेब सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त विसरला जाणारा. एक लिटर म्हणजे एक किलो. ट्रेलरच्या पिण्याच्या टाकीत सव्वादोनशे लिटर पाणी मावतं, म्हणजे सव्वादोनशे किलो. शिवाय सांडपाण्याच्या टाक्या वेगळ्या. त्या रिकाम्या न करता निघालात तर तेही ओझं तुमच्याच बोकांडी.

म्हणून जाणकार सांगतात, की ट्रक निवडताना ट्रेलरचं रिकामं वजन धरूच नका. ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला पुढे डावीकडे लेबल असतं, त्यावरचं कमाल वजन धरा. आज नाही तरी उद्या घर तेवढं भरणारच. कुठल्याही गृहिणीला हे पटेल. माळा रिकामा राहिलाय असं घर मी तरी पाहिलेलं नाही.

चार चाकं की सहा?

शेवटी एक टनाचा डिझेल ठरला, मागे दोन्हीकडे जोडचाकं असलेला. सगळी मिळून सहा चाकं. त्याचं कमाल वजन १४,००० पौंड, म्हणजे ६,३५० किलो. ट्रक स्वतः सुमारे ३,८०० किलोंचा, म्हणजे अंगावर अडीच हजार किलो घ्यायची ताकद. गरज होती १,५६५ ची. भरपूर मोकळीक.

एक टनात एकेरी चाकांचा ट्रकही मिळतो. तो चालवायला, लावायला सोपा. हलका ट्रेलर असेल तर पुरतो. जोडचाकांचा ट्रक मागून जवळजवळ आठ फूट रुंद. नेहमीच्या पार्किंगच्या रेघांत मावत नाही, आणि गाड्या धुवायच्या कित्येक यंत्रांत शिरत नाही. ताई म्हणाली, "नऊवारी नेसून बसमध्ये चढल्यासारखं वाटतं!" पण फायदाही तसाच मोठा. वाऱ्यात ट्रक हलत नाही, आणि मागचं एखादं टायर फुटलं तरी शेजारचं टायर तोल धरून ठेवतं.

डिझेल की पेट्रोल, यावरही घरात चर्चा झाली. पेट्रोलचा ट्रक स्वस्त आणि हलका, म्हणून त्याला सामान जास्त घेता येतं. कधीमधी फिरणाऱ्यांना तो बरा. डिझेल महाग, दुरुस्ती महाग, आणि २०१० पासूनच्या प्रदूषण नियमांमुळे त्यात 'डीईएफ' नावाचं वेगळं द्रावणही भरावं लागतं. पण जड ओझं घेऊन घाट चढायला डिझेलच्या ओढीला तोड नाही. कंपन्यांत त्यावरून शर्यतच लागलेली असते.

डेन्व्हरच्या पश्चिमेला आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा आहे. उंची ११ हजार फुटांच्या वर, आणि दोन्ही बाजूंना ६-७ टक्क्यांचा लांबलचक चढ-उतार. मुलाकडे पोचल्यावर त्या डोंगरात नातवाला घेऊन फिरायचं, हे भाऊजींचं स्वप्न. लोक चढाची काळजी करतात. खरी परीक्षा असते उतारावर. दहा टनांचं लटांबर ढकलत खाली येतं तेव्हा पायाचा ब्रेक सारखा दाबला तर तो तापतो आणि धरेनासा होतो. आपल्याकडे घाटात ट्रकच्या चाकांतून धूर येताना पाहिलाय ना? या डिझेल ट्रकांना 'एक्झॉस्ट ब्रेक' असतो. तो इंजिनालाच रोधून गाडी हळू करतो. शिवाय ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असतात आणि त्यांची कळ ड्रायव्हरजवळ. ट्रेलर चुकून सुटलाच तर एक बारीक तार खेचली जाते आणि त्याचे ब्रेक आपोआप लागतात. निघण्यापूर्वी ती तार अडकवली का, हे बघायचं काम ताईने स्वतःकडे घेतलंय.

काट्यावर खरं-खोटं

तरी ताईचं समाधान नव्हतं. "वहीतला हिशेब वेगळा आणि काट्यावरचा वेगळा," ती म्हणाली. तिकडे महामार्गावरच्या ट्रकतळांवर 'कॅट स्केल' नावाचे वजनकाटे असतात. मालट्रकवाल्यांसाठी केलेले, पण कुणीही थोड्या पैशांत वजन करू शकतं. काट्याला तीन फळ्या. ट्रकची पुढची चाकं एकीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर. तिन्ही वजनं छापलेली पावती हातात.

घर पूर्ण भरून आम्ही गेलो. पुढची चाकं २,३१० किलो, मागची ३,०५०, ट्रेलरची चाकं ५,०००. मग ट्रेलर बाजूला उभा करून नुसता ट्रक तोलला, ४,१०० किलो. म्हणजे ट्रेलरमुळे ट्रकच्या पाठीवर आलेला भार १,२६० किलो, एकूण ट्रेलर ६,२६० किलो, आणि प्रमाण वीस टक्के. वहीतला हिशेब दहा किलोंनी चुकला होता! ताईने पावती फ्रीजवर चिकटवली. भाऊजी म्हणाले, "माझी डिग्री तुला देऊन टाकतो."

घर परत आणणार कोण?

आता खरी गोष्ट सांगते, जी ताईने शोरूममध्ये कुणाला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी भाऊजींची अँजिओप्लास्टी झाली. "अगं, वाळवंटात कुठेतरी यांच्या छातीत दुखायला लागलं तर? हे दहा टनांचं घर मी कुठे नेऊ? कुणाला हाक मारू?" हा प्रश्न तिच्या डोक्यात घोळत होता. म्हणून तिने दारावरचं लेबल वाचायला शिकून घेतलं, आणि म्हणूनच बासष्टाव्या वर्षी ट्रक चालवायलाही शिकली.

टेक्सासचा नियम असा, की ट्रक आणि ट्रेलर यांचं मिळून कमाल वजन २६,००० पौंडांच्या वर आणि ट्रेलर एकटा १०,००० पौंडांच्या वर असेल तर साधं लायसन्स चालत नाही. 'क्लास ए' लायसन्स काढावं लागतं, खासगी वापराचं. यांचं मिळून भरतं २८,०००. ताई-भाऊजी दोघंही अभ्यासाला बसले. रिकाम्या मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडून ताई ट्रेलर मागे घ्यायचा सराव करायची. मागे घेताना चाक डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. "सासूबाईंसारखं आहे गं," म्हणायची, "उलटं बोललं की सरळ जातात!" परीक्षेत ती पास झाली तेव्हा मी भारतात परत आले होते. रात्री अकराला तिचा फोन आला, रडत होती.

ती काही एकटी नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये दोन बहिणींनी 'सिस्टर्स ऑन द फ्लाय' नावाचा गट सुरू केला. त्यातल्या बायका आपापले ट्रेलर स्वतः ओढत फिरतात. ह्यूस्टनच्या उत्तरेला लिव्हिंग्स्टन नावाचं गाव आहे. तिथे 'एस्केपीज' या फिरत्या घरवाल्यांच्या क्लबचं मुख्य ठाणं आहे. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ साली तो सुरू केला. वयामुळे किंवा आजारपणामुळे ज्यांचा प्रवास थांबला, त्यांच्यासाठी या क्लबने तिथे देखभालीचं केंद्रही उभं केलं. आपलंच फिरतं घर तिथे लावायचं आणि मदतीला माणसं. सामाजिक काम करणारी बाई म्हणून मला याचं फार कौतुक वाटलं. रस्त्यावर निघणाऱ्याने थांबण्याचाही विचार केलेला असावा.

आपल्या अंगणातला ट्रक

परत आल्यावर बचत गटाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. बायका हसल्या, 'घर ओढून नेतात' म्हणून आश्चर्य केलं. मागच्या रांगेत ऊसतोडीला जाणारी एक बाई बसली होती. ती म्हणाली, "ताई, आमच्या ट्रॉलीचं वजन कारखान्याच्या काट्यावर होतं. रस्त्यावर निघताना कोण करतंय?"

सगळ्या गप्प झाल्या. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, ब्रेक फक्त ट्रॅक्टरचे, आणि कधी त्याच उसावर बसलेली बाई-मुलं. अमेरिकेतल्या हौशी घराला जे गणित लागू, तेच या ट्रॉलीलाही. ओढणाऱ्याची ताकद मोजली जाते, थांबवण्याची कुणी मोजत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीच्या ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. पण दंड भरून फार तर मालक सुटतो, उतारावर गाडी सुटत असते ती आतल्या माणसांना घेऊन.

त्या बैठकीनंतर दोन महिन्यांनी आमच्या एका मसाला-पापड गटाने माल पोचवायला छोटा टेम्पो घेतला. गटप्रमुख बाई नवऱ्याला घेऊन शोरूमला गेली होती. मीही होते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "पासिंग किती?" विक्रेत्याने उत्तर द्यायला नवऱ्याकडे तोंड वळवलं. नवरा शांतपणे म्हणाला, "तिला सांगा. माल ती भरणार आहे."

वजनाची वही

(मुलं-सुना, भाऊ-भावजया अमेरिकेत असतील आणि असं घर घ्यायच्या विचारात असतील तर त्यांना हे जरूर वाचून दाखवा. शेवटच्या दोन ओळी आपल्यासाठीही.)

• आधी ट्रेलर ठरवा, मग ट्रक. ट्रेलरचं रिकामं वजन धरू नका, लेबलवरचं कमाल वजन धरा.

• फिफ्थ व्हीलचा २० टक्के आणि साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो असं धरा. त्यात माणसं, जोडणीचा सांगाडा आणि हौद्यातलं सामान मिळवा. ही बेरीज ट्रकच्या लेबलवरच्या आकड्यात बसली पाहिजे.

• लेबल त्याच ट्रकचं वाचा जो तुम्ही विकत घेणार आहात. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवर वेगळे आकडे असतात, कारण सनरूफ, मोठ्या सीट, चारही चाकांना ओढ अशा प्रत्येक सोयीला वजन असतं.

• १०,००० पौंडांपेक्षा मोठ्या ट्रकवर पिवळं-पांढरं लेबल असेलच असं नाही. तेव्हा कारखान्याच्या लेबलवरच्या कमाल वजनातून काट्यावरचं ट्रकचं वजन वजा करा.

• लायसन्सचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. खरेदीआधी विचारा.

• घर भरून झाल्यावर एकदा काट्यावर जा. पावती जपून ठेवा.

• घरात गाडी कुठलीही येवो, टेम्पो, जीप की ट्रॅक्टर, तिचं पासिंग किती हे घरातल्या बाईला तोंडपाठ हवं.

• आणि ती थांबवायची कशी, हेही.